धडधडत्या हृदयाचे स्पष्ट चित्र: सीटी स्कॅनची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. त्या यंत्राला एका जागेच्या मोजणीसाठी काही मिनिटे लागत आणि कवटीत स्थिर असलेल्या मेंदूच्या बाबतीत ते चालून गेले. छाती-पोटाचे तसे नव्हते. निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरणांनी केलेली सगळी मोजमापे एकाच स्थितीतील अवयवाची आहेत, असे संगणक गृहीत धरतो. मध्येच अवयव हलला, तर चित्रात दुहेरी कडा आणि रेघा उमटतात.

सत्तरच्या दशकातच हा वेळ काही सेकंदांवर आला आणि रुग्णाने श्वास रोखला की एक छेद मिळू लागला. मात्र फिरणाऱ्या भागाला जोडलेल्या केबल गुंडाळल्या जात असल्याने प्रत्येक फेरीनंतर यंत्र थांबवावे लागे, आणि दोन छेदांच्या मध्ये श्वास कमीअधिक झाला की फुप्फुसातील बारीक गाठ निसटण्याची शक्यता राही. १९८७च्या सुमारास आलेल्या स्लिप-रिंगने, म्हणजे फिरत्या भागाशी सरकता विद्युत संपर्क ठेवणाऱ्या कड्यांनी, केबलचे बंधन संपवले. टेबल सरकत असतानाच सलग फिरत राहणारा सर्पिल स्कॅन १९८९मध्ये विली कालेंडर यांनी मांडला.

श्वास रोखता येतो, हृदय थांबवता येत नाही. डग्लस बॉइड यांच्या इलेक्ट्रॉन-बीम यंत्राने ऐंशीच्या दशकात क्ष-किरण सोडणारी नळी फिरवण्याऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत टंगस्टनच्या कड्यांवरून फिरवला आणि ५० मिलिसेकंदांत चित्र घेतले. परंतु महागडे असल्याने ते मोजक्याच ठिकाणी पोहोचले. १९९८पासून क्ष-किरण टिपणारे अनेक ओळींचे डिटेक्टर, अर्ध्या सेकंदाची फेरी आणि ईसीजी यांची सांगड बसली. दोन ठोक्यांमध्ये हृदय क्षणभर जवळजवळ स्थिरावते, तेवढ्याच काळातील मोजमापे त्यामुळे निवडता आली. समोरासमोरच्या कोनांतून तीच माहिती मिळत असल्याने चित्रासाठी सुमारे अर्धी फेरी पुरते. येथूनच २००५मधील, मला सर्वांत देखणी वाटणारी, युक्ती निघाली: काटकोनाच्या आसपास बसवलेल्या दोन नळ्यांनी प्रत्येकी पाव फेरी करायची. ०.३३ सेकंदांच्या फेरीत एका चित्राचा काळ त्यामुळे ८३ मिलिसेकंदांवर आला. इतक्या वेगात नळीवर गुरुत्वाकर्षणाच्या विसपटीहून अधिक बल येते, त्यामुळे केवळ फेरीचा वेग वाढवत राहणे सोपे नव्हते.

तरीही नाडी जलद असेल, तर अनेक ठिकाणी आजही स्कॅनपूर्वी ती मंदावण्याचे औषध दिले जाते.