सोर्स-विंडो व्यवस्थापन (ईमॅक्समधील डीबगर)

सोर्स-विंडो व्यवस्थापन : एडिटरच्या आतून डीबगर (प्रोग्रॅममधले दोष शोधण्याचे साधन) चालवताना प्रोग्रॅम सोर्सच्या, म्हणजे लिहिलेल्या मूळ कोडच्या, ज्या ओळीवर थांबला ती ओळ कोणत्या विंडोत दाखवायची आणि त्यासाठी पडद्यावरची कोणती विंडो बदलायची, हे ठरवणारी व्यवस्था. जीएनयू ईमॅक्स हा एडिटर आणि जीडीबी हा डीबगर या जोडीत तिची वाटचाल सर्वांत सलगपणे पाहता येते. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या जोडीपुरती आहे.

उगम : ईमॅक्समधील डीबगरचा विषय निघाला की सहसा एरिक रेमंड यांचे नाव घेतले जाते, कारण ‘ग्रँड युनिफाइड डीबगर’ अर्थात जीयूडी हे पॅकेज त्यांच्या नावावर आहे. त्या पॅकेजच्या सोर्स फाइलमधील आरंभीची टीप मात्र वेगळा क्रम सांगते. मूळ जीडीबी.ईएल विल्यम शेल्टर यांचे; ते रिचर्ड स्टॉलमन यांनी पुन्हा लिहिले; एसडीबी आणि डीबीएक्स या डीबगरना त्यात सामावून घेण्याचे काम रेमंड यांनी केले; आणि बॅरी वॉर्सॉ यांनी ते कॉमिंट या, ईमॅक्समधून बाहेरचे प्रोग्रॅम चालवण्याच्या, सामाईक पायावर आणले. शेल्टर यांचे काम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले धरणे सयुक्तिक ठरते, कारण जीडीबीचा जन्मच १९८६ चा आणि जीयूडीवरील स्वामित्वनोंद १९९२ पासूनची आहे. रेमंड यांच्या एकीकरणाचे मोल कमी नाही. पण विंडोच्या प्रश्नाची मूळ उकल त्याआधीच, जीडीबीच्या ‘फुलनेम’ या पर्यायात झाली होती, असे मानणे अधिक योग्य दिसते.

खुणेची रचना : हा पर्याय दिल्यावर जीडीबी थांबलेली ओळ स्वतः छापत नाही. त्याऐवजी दोन कंट्रोल-झेड अक्षरे (अष्टमान पद्धतीत ०३२) आणि त्यांमागून फाइलचा संपूर्ण मार्ग, ओळीचा क्रमांक, फाइलच्या आरंभापासूनचे अक्षरस्थान, थांबलेल्या जागेचा मेमरीतला पत्ता ओळीच्या सुरुवातीचा आहे की मधला याची नोंद, आणि शेवटी तो पत्ता, असे सारे अपूर्णविरामांनी जोडून पाठवतो. ओळींची मोजणी एकपासून, तर अक्षरांची शून्यापासून होते. ईमॅक्स ही खूण वापरकर्त्याला दिसण्याआधी काढून घेतो. येथे एक बारकावा आहे. डीबगरचे उत्पादन तुकड्यातुकड्यांनी येते आणि खूण मधोमध तुटू शकते. म्हणून हाती आलेल्या मजकुराचे शेपूट नव्या खुणेची सुरुवात असू शकेल, तर ते पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवले जाते. ही दक्षता घेतली नसती, तर चालू ओळ दाखवणारा बाण कधी योग्य ओळीवर गेला असता आणि कधी गेलाच नसता.

या रचनेतली खरी गोष्ट अशी की काय दाखवायचे एवढेच डीबगर सांगतो. कुठे दाखवायचे हे पूर्णपणे एडिटरकडे राहते. पुढचे बहुतेक बदल या दुसऱ्या भागातच झाले.

विंडोंची मांडणी : फाइल उघडली की ईमॅक्स चालू ओळीच्या डाव्या कडेला बाण उमटवतो, अक्षरी टर्मिनलवर त्याजागी बरोबरचे चिन्ह आणि कोन येतात. बफर (ईमॅक्समध्ये उघडलेला मजकूर) एका भागापुरता संकुचित केलेला असेल आणि ओळ त्याबाहेर पडत असेल, तर तो पुन्हा मोकळा केला जातो. ईमॅक्स २२ (२००७) मध्ये निक रॉबर्ट्स यांच्या जीडीबी-यूआय या पॅकेजमुळे सहा विंडोंची मांडणी रूढ झाली : डीबगरशी संवाद, स्थानिक चले, सोर्स, प्रोग्रॅमचे इनपुट-आउटपुट, स्टॅक (एकमेकांना बोलावत आलेल्या फंक्शनांची यादी) आणि ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्यासाठी ठरवलेल्या जागा). त्या कामाचे मूळ टॉम लॉर्ड आणि जिम किंगडन यांच्या जीडीबीए.ईएलमध्ये आहे. ईमॅक्स २४ (२०१२) पासून खुणांची जागा जीडीबी/एमआय या यंत्रवाच्य संवादाने घेतली. फाइलचा संपूर्ण मार्ग त्यातही ‘फुलनेम’ याच नावाच्या रकान्यात येतो.

प्रदीर्घ काळ सोर्ससाठी एकच विंडो गृहीत होती. एका फाइलमधले फंक्शन दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला बोलावते तेव्हा ‘स्टेप’ करताच (एक पाऊल पुढे, बोलावलेल्या फंक्शनात जाताच) बोलावणारा कोड पडद्यावरून नाहीसा होई, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची गरज नेमकी तेव्हाच असते. ईमॅक्स २८ (२०२२) मध्ये आलेल्या जीडीबी-मॅक्स-सोर्स-विंडो-काउंट या चलाने ही अडचण दूर केली. दिलेल्या संख्येपर्यंत नव्या फाइलसाठी नवी विंडो उघडते, त्यानंतर असलेल्यांपैकी एक पुन्हा वापरली जाते. मूळ मूल्य एकच असल्यामुळे ज्याने ते बदलले नाही त्याला फरक जाणवत नाही. हे मूल्य दोन केलेले बरे. मांडणी फाइलमध्ये जतन करणे आणि डीबगर बंद केल्यावर आधीच्या विंडो परत आणणे, या सोयीही याच आवृत्तीतल्या.

सोर्स नसलेल्या जागी प्रोग्रॅम थांबला, उदाहरणार्थ प्रमाण सी ग्रंथालयाच्या आत अबॉर्ट झाला, तर स्टॅकमध्ये वर जाऊन सोर्स असलेली चौकट (त्या यादीतली एका फंक्शनची नोंद) शोधण्याचा पर्यायही आहे. तो मुळात बंद असतो.

इतर डीबगर व एडिटर : पायथनचा पीडीबी अशी खूण देत नाही, त्याने छापलेला मार्ग आणि कंसातला ओळक्रमांक जीयूडी मजकुरातून वेचून घेते. जावाच्या जेडीबीकडून वर्गाचे नाव मिळते, त्यावरून फाइल शोधावी लागते. विम या एडिटरच्या ८.१ (२०१८) आवृत्तीतील टर्मडीबग या डीबगर-सोयीमध्ये डीबगर, प्रोग्रॅम आणि सोर्स अशा तीन विंडो असतात. सोर्स-विंडोतल्या फाइलमध्ये न जतन केलेले बदल असतील, तर दुसरी फाइल दाखवण्यासाठी विंडो दुभागली जाते.