मेटल संगीत : उपप्रकारांचे नामकरण

मेटल म्हणजे रॉक संगीताचा जड, कर्कश इलेक्ट्रिक गिटारवर उभा असलेला प्रकार. त्याचे थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम असे जे उपप्रकार मानले जातात, त्यांची नावे कोणत्याही एका संस्थेने ठरवलेली नाहीत. वादक, पत्रकार आणि मुख्यतः श्रोते यांच्या बोलण्यातून ती रूढ झाली, त्यामुळे त्यांच्यामागे एकच निकष सापडत नाही. कोल्हापूरच्या रसिकाला ही रीत परकी वाटू नये. शाहू महाराजांच्या दरबारातील उस्ताद अल्लादियाखाँ यांची गायकी जयपूर-अत्रौली या गावांच्या नावाने ओळखली जाते. जाणकार मात्र ती गावावरून नव्हे, तर खुला आकार, अनवट राग आणि लयीत गुंफलेली पेचदार तान यांवरून ओळखतो. मेटलमध्येही नाव एकीकडून येते आणि ओळखीची खूण दुसरीकडे असते.

या संगीताचा उगम बहुतेक श्रोते बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या १९७० मधील पहिल्या अल्बमपाशी मानतात. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर काम केलेल्या माणसाला हा अपघात समजावून सांगावा लागणार नाही. आयोमी डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. त्या खर्जातल्या, संथ आणि जड रिफवरच, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरावलीवरच, पुढे डूम मेटल उभे राहिले.

नाव आणि नाद यांची फारकत ब्लॅक मेटलमध्ये सर्वांत ठळक दिसते. हे नाव ‘व्हेनम’ या इंग्लिश बँडच्या १९८२ मधील अल्बमचे. परंतु त्यातले वेगवान, खडबडीत वादन आजचे श्रोते थ्रॅश किंवा स्पीड मेटलच्या जवळ ठेवतात. आज ब्लॅक मेटल म्हटल्यावर जे मनात येते, म्हणजे एकाच तारेवर अखंड थरथरणारी गिटार, किंचाळणारा आवाज आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण, ते मुख्यतः १९९० च्या दशकारंभी नॉर्वेतील बँडनी घडवले. डेथ मेटल हे नावही कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’ने १९८४ मध्ये आपल्या डेमोला, म्हणजे नमुन्यादाखलच्या ध्वनिमुद्रणाला, दिले होते, त्याला ठाशीव रूप देण्यात फ्लोरिडातील बँडचा मोठा वाटा आहे.

डेथ मेटलची पहिली खूण म्हणजे घशाच्या तळातून काढलेला घोगरा ग्राउल, आणि दुसरी ब्लास्ट बीट. ब्लास्ट बीटमध्ये स्नेअर आणि बेस ड्रमचे ठोके इतक्या जलद गतीने आलटून पालटून पडतात की सुटा ठोका कानाला वेगळा लागत नाही. कुस्तीच्या मैदानात निकाल जवळ आल्यावर हलगी जशी कडकडते, तिची आठवण येते. फरक इतकाच की हलगी त्या टोकाला क्षणभर पोचते, तर ब्लास्ट बीट तिथेच मुक्काम करते.

काही नावे निव्वळ भूगोलाची आहेत. स्वीडनमधील गोथेनबर्ग हे नाव घेताच दुहेरी गिटारवर विणलेले सुरेल डेथ मेटल समजले जाते. व्हायकिंग मेटल हे नाव गीतांच्या विषयावरून पडले, त्यामुळे त्याची ध्वनिमर्यादा सैल राहिली.

खरा वाद सीमेवर होतो. ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’ ही चाहत्यांनी २००२ मध्ये सुरू केलेली सूची रिफ मेटलची आहे की नाही हे पाहून बँडला प्रवेश देते, आणि मेटलमध्ये हिप-हॉपसारखे प्रकार मिसळणाऱ्या नू मेटलचे बरेच बँड त्या कसोटीवर नाकारते. कसोटी ध्वनीची असल्यामुळे ती तत्त्वतः रास्त आहे. तरीही ‘लिंकिन पार्क’सारखा नू मेटल बँड ऐकत या संगीताकडे आलेल्या श्रोत्याला आपला उंबरठाच घराबाहेर काढल्यासारखे वाटते, आणि त्याची ही तक्रार गैर म्हणता येत नाही.