तीस सेकंदांत हात काय शिकतो

१९४८ साली दिल्लीत भारतीय कलेचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. मथुरेची शिल्पं, जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रं, देशभरातून आणलेला ठेवा तिथे एकत्र मांडलेला होता. तो पाहायला गेलेल्यांत तिशीतला एक चित्रकार होता, आपल्या पंढरपुरात जन्मलेला. मकबूल फिदा हुसेन. त्या प्रदर्शनाने आपली वाट बदलली, हे हुसेन यांनी पुढे स्वतःच सांगितलं. आकार त्यांनी गुप्तकाळातल्या मूर्तींकडून घेतला आणि रंग बसोलीकडून. नंतरच्या त्यांच्या कॅनव्हासवर ज्या ताणलेल्या, कोनात वळलेल्या आकृती आल्या, त्यांच्या कमरेच्या वळणात आणि खांद्याच्या कलात ती दगडी मूर्ती ओळखू येते. हुसेन पूर्ण अमूर्ताकडे गेले नाहीत. पण मूर्तीची नक्कल न करता तिच्यातला जोर तेवढा उचलायचा, ही रीत अमूर्त चित्र शिकणाऱ्याच्या फार कामाची आहे. ती कामाची का आहे, याची उत्तरं गेल्या साठ-सत्तर वर्षांत मेंदूविज्ञानाने बऱ्यापैकी दिली आहेत.

ही रीत हातात बसवायची पद्धत साधी आहे: शिल्पाची झटपट रेखाटनं. शिल्पासमोर उभं राहायचं, मोबाइलवर तीस सेकंदांचा टायमर लावायचा आणि वेळ संपेपर्यंत हात थांबू द्यायचा नाही. खोडरबर घरीच ठेवायचं. मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा तेच. पानं भरली की वही मिटायची. नंतर केव्हातरी, वही न उघडता, रंग आणि रुंद ब्रश घेऊन बसायचं आणि हात नेईल तिकडे जायचं. अमेरिकेत किमॉन निकोलाइडीस या शिक्षकाने अशी झटपट रेखाटनं पद्धतशीर शिकवली. शिल्पकार रोदँ तर उतारवयात समोरचं मॉडेल हलत असताना कागदाकडे न बघताच रेघ ओढत असे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वाटेल, हे म्हणजे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र पाठोपाठ काढण्यासारखंच झालं. बरंचसं खरं आहे. फरक आहे तो वेळेचा.

आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच. बाकीचं सगळं धूसर असतं आणि ते स्वच्छ दिसल्याचा भास मेंदू निर्माण करतो. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत राहतो. तीस सेकंदांत शंभरएक उड्या होतात, त्यातल्या निम्म्या कागदावर जातात. शिवाय मूर्तीवरची नजर कागदावर येईपर्यंत जे मनात धरून ठेवायचं, त्यालाही मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती साधारण चार घटकांवर आणून ठेवली.

आता या तुटपुंज्या भांडवलात मूर्ती काढायची. सावकाश बसलेला माणूस पापण्या, कंकणं, मुकुटावरची नक्षी यांत रमतो. कारण त्याला नाक म्हणजे काय, डोळा म्हणजे काय हे आधीच ठाऊक असतं, आणि पुष्कळदा तो समोरचं न काढता ते ठाऊक असलेलंच काढतो. वेळ कापला की सगळ्यात आधी ही नावं असलेली अंगं गळून पडतात. मागे उरतं ते असं: अंगाचा मधला कणा कुठे कलला, भार कुठल्या पायावर आला, कुठली बाजू फुगली, कुठली आत गेली, दोन आकारांत मोकळी जागा किती सुटली. दिशा, भार, फुगवटा, अंतर. अमूर्त चित्रकार आयुष्यभर याच चार गोष्टींशी झटत असतो.

चार रेघांत एवढं मावतं कसं? १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा प्रतिसाद मोजत होते. प्रकाशाचे आणि काळे ठिपके दाखवून पेशी ढिम्म. ठिपक्याची काचपट्टी प्रोजेक्टरमध्ये सरकवताना मात्र ती एकदम तडतडू लागली. तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतंच, काचेच्या कडेची बारीक सावली एका विशिष्ट कोनात सरकली होती, तिला ती हवी होती. दृष्टीच्या पहिल्या टप्प्यावर मेंदू कडा आणि त्यांचे कल वेचतो, हे त्यातून उलगडत गेलं. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. पुढे १९८८ मध्ये अर्व्हिंग बीडरमन आणि जिनी जू यांनी दाखवलं की साध्या रेघांच्या चित्रातली वस्तू लोक रंगीत छायाचित्राइतक्याच वेगाने ओळखतात. म्हणजे झटपट रेखाटन हे अर्धवट राहिलेलं चित्र नव्हे. डोळ्यामागची यंत्रणा जे आधी उचलते, तेच ते कागदावर ठेवतं.

पण मग शिल्पच का? मोबाइलवरचा फोटो का नको? फोटोत कुणीतरी आधीच एक कोन आणि एक उजेड ठरवून टाकलेला असतो. शिल्पाभोवती मात्र तुम्ही फिरता आणि उजेडही फिरतो. सोलापूरच्या उन्हाचा इथे फार उपयोग आहे. जुन्या देवळाच्या पूर्वेकडच्या भिंतीवरची शिल्पं बघायला लोक सकाळी जातात, कारण तेव्हा हवा बरी असते. पण त्या वेळी ऊन भिंतीवर समोरून येतं आणि कोरीव काम सपाट दिसतं. सूर्य डोक्यावर येऊ लागतो तसं ऊन भिंतीला घासून खाली उतरतं. मग प्रत्येक कंगोऱ्याखाली लांब सावली ओघळते आणि अर्ध्या बोटाचा उठावही खोल वाटू लागतो. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. मेमध्ये त्या वेळी बाहेर उभं राहायला मी कुणाला सांगणार नाही, पण साडेदहा-अकराचं ऊन जरूर गाठा.

उजेड वरून येतो हे मेंदूने गृहीतच धरलेलं असतं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८० च्या दशकात साध्या छायांकित गोलांवर हे सुरेख दाखवलं. वरचा भाग उजळ असलेला गोल फुगीर दिसतो, तोच उलटा केला की खळगा दिसतो. भिंतीवरच्या उठावशिल्पाचा फोटो काढून मोबाइल उलटा धरून बघा, पुष्कळदा उठाव आत गेलेला दिसतो. चित्र काढणाऱ्याच्या हाती यातून मोठी चावी येते. कागदावर वरती उजेड, खाली काळोख एवढंच ठेवलं तरी मेंदू स्वतःहून तिथे घनता रचतो. तिथे नाक असायची गरज नाही.

हत्तरसंग कुडलला हे सगळं एका दगडात सापडतं. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा-सीनेच्या संगमावर ही देवळं आहेत. इथला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख बघायला अभ्यासक येतात. मी मात्र हाती वही असलेल्या कुणालाही आधी तिथल्या बहुमुखी शिवलिंगापुढे उभं करीन. एका लिंगावर साडेतीनशेहून अधिक छोटी मुखं कोरलेली आहेत, ओळींमागून ओळी. पहिल्या कागदावर माणूस एक चेहरा काढायला जातो. भुवई होते, नाक होतं आणि टायमर वाजतो. दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर चेहरा सुटतो, नुसते गोल येतात. आणखी थोड्या वेळाने हाताला कळतं की प्रत्येक गोलाखाली एक काळी फट आहे. मग गोल काढायचे थांबतात, फटीच तेवढ्या येतात. जाड, बारीक, जाड. लिंगाच्या गोलाईमुळे कडेला त्या जवळजवळ सरकतात आणि मध्ये मोकळ्या होतात. त्या कागदावर देव नाही, मुख नाही, तरी दगडाचा सगळा भार तिथे आहे. पुढे हाच ठेका कुणी गेरू आणि काळ्या रंगात फूटभर रुंद पट्ट्यांनी मांडला, तर ते अमूर्त चित्र झालं. ते हवेतून आलेलं नाही.

हे शिकणं साठतं कुठे? याचं उत्तर देणारी एक विलक्षण कहाणी आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, आणि त्याच्या लगतचा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नवी कुठलीच घटना लक्षात राहीना. भेटून गेलेला माणूस दार लावून परत आत आला तरी तो त्याला अनोळखी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेत काढलेला तारा, आणि त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात मात्र थेट बघायचा नाही, फक्त आरशात. करून पाहिलंत तर कळेल, पहिल्यांदा पेन्सिल भलतीकडेच पळते. मोलेसनचंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी चुका कमी झाल्या, तिसऱ्या दिवशी तर फारच थोड्या उरल्या. आणि दर वेळी त्याचं म्हणणं एकच, हे काम आपण यापूर्वी कधी केलेलंच नाही.

घटनांची आठवण वेगळी आणि कौशल्याची वेगळी, हे या ताऱ्याने १९६२ साली जगाला दाखवलं. आपल्याकडे हे वेगळं सांगायलाही नको. मागावर बसलेला विणकर तुटलेला धागा हातात घेतो आणि बोलता बोलता सांधून टाकतो. बोटं नेमकी कशी फिरली हे विचारलं तर त्याला पुन्हा करून दाखवावं लागतं. झटपट रेखाटनांतून हातात उतरतं ते याच जातीचं ज्ञान आहे. म्हणून वही मिटून रंगवायचं. वही उघडी ठेवली की डोळा पुन्हा नक्कल करायला लागतो आणि हाताला आलेलं बाजूलाच राहतं.

रेखाटनाचा आठवणीवर परिणाम किती लवकर होतो, यावर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात काम झालं आहे. जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की लिहिलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहतात, आणि चित्राला चारच सेकंद दिले तरी हा फायदा टिकतो. चित्राच्या सुबकपणाशी त्याचा फारसा संबंध आढळला नाही. ज्यांना वाटतं की आपला हात चांगला नाही, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

आता अंतःप्रेरणेकडे येऊ. अमूर्त चित्र आतून येतं असं सगळे म्हणतात, आणि नवशिक्या बिचारा कोऱ्या कॅनव्हाससमोर आतून काही येण्याची वाट बघत बसतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेला अभ्यास मला इथे सर्वांत उपयोगी वाटतो. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर निष्णात खेळाडू तिच्यातला मोठा भाग पुन्हा मांडतो, नवख्याला चार-पाच मोहरेच जमतात. पण मोहरे वेडेवाकडे, कसेही ठेवले की निष्णाताचा हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा होतो. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती, त्याच्याजवळ ओळखीच्या रचनांचा साठा होता. अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, असं सायमन पुढे मांडत राहिले. चित्रकाराच्या बाबतीत मला हे तंतोतंत पटतं. ज्याच्या हातात शेकडो कलते कणे आणि तोललेले भार बसले आहेत, त्याला कॅनव्हासवर एक पट्टा पडताच दुसरा कुठे हवा ते जाणवतं. ज्याच्या हातात काहीच नाही, तो रंग ओतून नशिबाची वाट बघतो.

रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टाइन यांनी १९९९ साली आणखी एक कल्पना मांडली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांना आढळलं होतं की हेरिंग गल या समुद्रपक्ष्याची पिल्लं आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारून अन्न मागतात. पण पांढरे पट्टे असलेली बारीक लाल काडी पुढे धरली, तर खऱ्या चोचीपेक्षाही जोरात टोचतात. मेंदूला भावणारा गुण वाढवून दिला तर प्रतिसादही वाढतो, आणि चोळकालीन पार्वतीच्या कांस्यमूर्तीतली अतिशयोक्त वळणं हेच करतात, असं रामचंद्रन म्हणतात. कलेचं सगळं रहस्य यात सापडतं हे अनेकांना मान्य नाही, मलाही नाही. तरी झटपट रेखाटनात घाईने कमरेचं वळण हमखास जास्त वळतं, आणि ते खोडावंसं वाटतं. ते खोडू नये, एवढं बळ या कल्पनेतून मिळतं. शिल्पकाराने आधीच वाढवलेलं वळण तुमचा हात आणखी एक पायरी पुढे नेत असतो.

‘असं तर माझं पोरगंही काढेल’, हे वाक्य अमूर्त चित्रांच्या प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येतं. अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर यांनी २०११ मध्ये त्याची परीक्षाच घेतली. नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांची किंवा माकडा-हत्तींची तशीच दिसणारी चित्रं जोडीने दाखवली, काही वेळा मुद्दाम चुकीची नावं लावून. कलेचं शिक्षण नसलेल्यांनीही नुसत्या अंदाजाने बरोबर यावं त्याहून स्पष्टपणे अधिक वेळा चित्रकाराचं चित्र निवडलं. बघणाऱ्याला त्यात योजना जाणवते. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये कॅनव्हासला चिरा पाडणारे चित्रकार ल्युचिओ फोंताना यांच्या कामावर प्रयोग केला. खरी चीर बघताना लोकांच्या मेंदूतला हालचालीशी जोडलेला भाग जितका सक्रिय झाला, तितका तिच्या जागी काढलेली नुसती रेघ बघताना झाला नाही. या निष्कर्षांचा अर्थ किती ताणावा यावर वाद आहेत. पण ब्रशचा फटकारा बघताना आपलं मनगट किंचित आवळलं जातं, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हा प्रयोग परका वाटणार नाही.

सुरुवात करायला कुडलच हवं असं नाही. सोलापुरातल्या चार हुतात्मा चौकात जा, शहरातला कुठलाही पुतळा घ्या. वर्तमानपत्री कागदाचा गठ्ठा आणि कोळशाची कांडी पुरे. दोनच गोष्टी सांभाळा. पुतळ्याच्या मागे आणि बाजूला जरूर जा, कारण समोरून चेहरा दिसतो आणि चेहरा दिसला की हात त्याच्याच मागे लागतो. दुसरं म्हणजे, रेखाटनं आणि रंग यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्या. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायचं काम लोकांना शिकवलं. दिवसभर जागं राहून फारसा फरक पडला नाही, रात्रीच्या झोपेनंतर मात्र वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, मध्ये काहीही सराव न करता. रविवारी रेखाटनं केली असतील, तर रंगाच्या ट्यूब सोमवारी संध्याकाळीच उघडा.