गरोदरपणाची बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी : पार्श्वभूमी

प्रसूतिकाळात कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याआधीच्या वर्षी विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे म्हटले होते. कायदा मात्र कारखान्यांपुरताच होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानंतरही शेतमजूर स्त्री बाहेरच राहिली.

गरोदरपणातल्या तपासणीचा इतिहास निराळा आहे. ब्रिटनमध्ये १९२९ साली ठरलेल्या वेळापत्रकात पहिली भेट सोळाव्या आठवड्यात होती, आणि पुढच्या भेटी शेवटच्या महिन्यांत दाटलेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली एकूण आठ भेटी सुचवल्या, त्यांतली पहिली बारा आठवड्यांच्या आत. भारतातही पहिल्या तिमाहीतल्या नोंदणीवर भर आहे, कारण रक्त कमी असल्याचे तेव्हाच कळले तर ते भरून काढायला महिने हाती राहतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत तर हेही उशिराचेच: ते जिच्यासाठी लागते ती गर्भाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

पैशाची मदतही नोंदणीच्या तारखेशी जोडली गेली. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये ठेवले आणि पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून १५० दिवसांत नोंदणीची अट घातली. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास मदत मिळते. मुलगा झाल्यास काहीच नाही, आणि हा भेद आईच्या प्रकृतीवरून ठरलेला नाही.

बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे जोडपे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये परतते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि एकीने दवाखान्यासाठी दिवस मोडला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, दोघांच्या हिशेबात लागतो. जिने फडातल्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असताना दिवस गेल्याचे ओळखले, तिचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत असते आणि ती स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात, जिथली आशाताई तिला ओळखत नाही. अशा बाईची पहिली तपासणी अनेकदा गावी परतल्यावरच होते, पाचव्या-सहाव्या महिन्यात.