६० हर्ट्झच्या मॉनिटरमधून आणखी १५ कसे काढले

भाच्याने दिवाळीत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि महिनाभर येईल त्याला "बघा काय स्मूथ आहे" करून दाखवत होता, मलाही दाखवला, मीही "वा वा" म्हटलं. मग एकदा सहज सेटिंग उघडून बघितली तर पठ्ठ्या ६० वरच चालवत होता. म्हणजे महिनाभर जो स्मूथपणा त्याला दिसला तो सगळा बिलाचा होता. हसू नका, तुमचाही बघा आधी. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्यात खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेटचा आकडा असतो. नवीन मॉनिटर लावला की विंडोज बऱ्याचदा गपचूप ६० धरून बसतं, कोणी सांगितल्याशिवाय वर जात नाही.

त्याचा १४४ केल्यावर मात्र खरा फरक दिसला, आणि घरी आल्यावर माझा जुना ऑफिसछाप ६० वाला मॉनिटर डोळ्यांना टोचायला लागला. नवीन घ्यायचा नव्हता. म्हटलं यातूनच काही निघतंय का बघू. निघालं, पण ते कुठून निघालं ही भानगड फार मजेशीर आहे.

आधी थोडं गणित, जास्त नाही. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणार, एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकणार. ७५ ला १३.३, १२० ला ८.३, १४४ ला ६.९. मी तर म्हणतो हर्ट्झ बघूच नका, मिलिसेकंद बघा, कारण दुकानात हर्ट्झ विकतात आणि डोळ्याला मिलिसेकंद लागतात. १२० किलोमीटर जायचंय, ताशी ३० ने गेलात तर चार तास, ६० ने दोन, १२० ने एक, वेग दरवेळी डबल केला तरी वाचणारा वेळ अर्धा अर्धा होत जातो, तसंच हे आहे. ६० वरून ७५ वर गेलं तर दर चित्रामागे ३.३ मिलिसेकंद वाचतात, आणि १४४ वरून १६५ वर जायला लोक जास्तीचे पैसे मोजतात तिथे एक मिलिसेकंदसुद्धा वाचत नाही! त्यामुळे माझे हे फुकटातले १५ हर्ट्झ वाटतात तेवढे भिकार नाहीत.

बरं हा ६० आला कुठून? आपल्या भिंतीतल्या प्लगमध्ये तर ५० हर्ट्झची वीज आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६०, तिथल्या टीव्हीने तोच आकडा धरला, कारण विजेचा आणि चित्राचा ताल जुळला नाही तर पडद्यावरून पट्टे सरकताना दिसायचे. आपल्याकडच्या टीव्हीने ५० धरला, सेकंदाला ५० अर्धी चित्रं म्हणजे २५ पूर्ण. पण कॉम्प्युटर तिकडून आले आणि त्यांचा ६० सोबत घेऊन आले. आणि कधीकधी विंडोज ६० च्या ऐवजी ५९.९४ दाखवतं ना, मॉनिटर बिघडलाय वाटतं, तर ती १९५३ ची गोष्ट आहे. अमेरिकेत रंगीत टीव्ही आणताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलच्या पायात पाय घालत होता, म्हणून वेग हजारात एक भाग कमी केला, आणि ती तडजोड आजही आपल्या सेटिंगमध्ये येऊन बसली आहे.

आता "माणसाच्या डोळ्याला २४ च्या वर दिसतच नाही" म्हणणारा एकजण प्रत्येक घरात असतो. सिनेमा २४ फ्रेमचा असतो हे खरं, पण जुन्या प्रोजेक्टरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकायच्या आधी शटर तिच्यावर दोनदा नाहीतर तीनदा प्रकाश टाकायचं, म्हणजे डोळ्यावर ४८ किंवा ७२ लखलख, कारण २४ ची उघडझाप कुणालाही सहन झाली नसती. उघडझाप वेगळी आणि हालचाल वेगळी, लोक दोन्ही एकात कालवतात. २०१५ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात तर लोकांना ५०० हर्ट्झची लुकलुकसुद्धा कळली, फक्त चित्रात बारीक कडा हव्यात आणि डोळा फिरता हवा.

जुन्या डबा मॉनिटरला लुकलुकीचा त्रास होता. आजच्या चपट्या एलसीडीला तो सहसा नाही, तिचा त्रास उलटा आहे, ती चित्र अजिबात विझवत नाही, पुढचं येईपर्यंत आहे ते तसंच धरून ठेवते. समजा एखादी खिडकी माऊसने पकडून तुम्ही १९२० पिक्सेलचा पडदा दोन सेकंदात ओलांडताय, म्हणजे सेकंदाला ९६० पिक्सेल. डोळा तिच्यामागे सरळ सरकत जातो, थांबत नाही. पण पडद्यावरची खिडकी १६.७ मिलिसेकंद एका जागी उभी, मग टुणकन पुढे, परत उभी. ती उभी असताना डोळा १६ पिक्सेल पुढे गेलेला असतो, तेवढी तिची कड डोळ्याच्या पडद्यावर फासली जाते. ७५ ला हे फासणं १२.८ पिक्सेल, १२० ला ८. म्हणून स्क्रोल करताना अक्षरं वाचता येत नाहीत, आणि गंमत म्हणजे हा धुरकटपणा मुख्यतः मॉनिटरमध्ये नसतो, तो आपल्याच डोळ्यात तयार होतो. पटत नसेल तर पडद्यावर एका ठिकाणी बोट ठेवून नजर तिथेच रोखा आणि दुसऱ्या हाताने माऊस गोल फिरवा, धूर न दिसता बाणाच्या सुट्या सुट्या प्रती दिसतील.

पिक्सेलनाही रंग बदलायला वेळ लागतो, स्वस्त पॅनेलमध्ये काळ्या भागात शेपटी दिसते ती त्यामुळे, पण तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं, जास्तीचे हर्ट्झ आणायचे कुठून. डबा मॉनिटरमध्ये मागून इलेक्ट्रॉनची बंदूक एकेक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवायची, ओळ संपली की बंद होऊन रिकामी परत डावीकडे यायची, टाइपरायटरवर ओळ संपल्यावर दांडा ढकलून गाडी खाडकन परत आणायचे तसं. सगळा पडदा संपला की खालून वर परत. या रिकाम्या फेऱ्यांना वेळ लागायचा, म्हणून सिग्नलमध्येच मोकळी जागा सोडलेली असायची, तिला ब्लँकिंग म्हणतात. एलसीडीत बंदूक नाही, परत कोणी यायचं नाही, तरी केबलमधून ती मोकळी जागा अजून वाहतेच आहे. तुमचा फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८०, पण नेहमीच्या टायमिंगमध्ये, म्हणजे चित्र आणि मोकळी जागा मिळून ठरलेल्या मापात, केबलवरून जातं २२०० गुणिले ११२५. सेकंदाला ६० वेळा म्हणजे १४ कोटी ८५ लाख पिक्सेल, त्यातले खरे दिसणारे साडेबारा कोटीच्या आत. म्हणजे साधारण १६ टक्के वेळ केबल नुसती त्या मेलेल्या बंदुकीची वाट बघत असते.

ही मोकळी जागा पूर्ण काढून टाकता येत नाही, मॉनिटरला श्वास घ्यायला थोडी जागा लागते, एचडीएमआयमध्ये तर आवाजसुद्धा त्याच जागेतून जातो. पण कमी नक्की करता येते. ७५ हर्ट्झ जुन्याच टायमिंगने पाठवायचा तर साडेअठरा कोटीच्या वर पिक्सेल लागतात, आणि ब्लँकिंग आटवलं तर २०८० गुणिले १११९ मध्ये बसतं, म्हणजे साडेसतरा कोटीच्या आत. एक कोटीचा फरक, आणि बरेच मॉनिटर हो-नाही म्हणतात ते याच एका कोटीवर.

करायचं कसं, तर तुमचं ग्राफिक्स कार्ड ज्या कंपनीचं असेल त्याप्रमाणे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये, इंटेलच्यातही कस्टम रिझोल्यूशन नावाचा प्रकार सापडतो. रिझोल्यूशन तेच ठेवायचं, रिफ्रेश रेट वाढवायचा, टायमिंगमध्ये रिड्यूस्ड ब्लँक, म्हणजे आटवलेलं ब्लँकिंग, निवडायचं. हे मुद्दाम हाताने सांगावं लागतं कारण मॉनिटरमध्ये स्वतःची कुंडली साठवलेली असते, मूळची जेमतेम १२८ बाइटची, त्यात "मला अमुक अमुक जमतं" लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. कंपनी कुंडलीत सगळ्यात सुरक्षित तेवढंच लिहिते.

एकदम ७५ ची उडी मारू नका. मी ६३, ६६ असं चढत गेलो आणि ७० वर अडकलो, पुढे काळा पडदा आणि मॉनिटरची "आउट ऑफ रेंज" पाटी. अशा वेळी घाबरून बटणं दाबत बसायचं नाही, साधारण पंधरा सेकंद हात बांधून बसायचं, विंडोज आपोआप मागच्या सेटिंगवर येतं. नाहीच आलं तर सेफ मोड आहे, म्हणजे विंडोज अगदी साध्या सेटिंगवर सुरू करायचं. दोन दिवस मी पॅनेललाच शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं की केबल जुन्या डीव्हीआय प्रकारची आहे, त्यातही साध्या सिंगल लिंकची, तिची मर्यादा सेकंदाला साडेसोळा कोटी पिक्सेल! ७० हर्ट्झ सव्वासोळा कोटीत बसत होता, ७५ नाही. ड्रॉवरमधली एचडीएमआय लावली, ७५ लागला पहिल्या फटक्यात. भाच्याच्याही मॉनिटरला आधी जुनीच एचडीएमआय होती, डिस्प्लेपोर्ट लावल्यावर यादीत १४४ दिसायला लागला. तेव्हा मॉनिटरवर राग काढायच्या आधी केबल बघा.

अजून एक फसवणूक आहे, ती तपासल्याशिवाय मिरवू नका. काही मॉनिटर ७५ चा सिग्नल निमूट घेतात, आकडाही ७५ दाखवतात, आणि आतल्या आत दर पाचवं चित्र टाकून देऊन ६० च दाखवतात, हे साध्या ६० पेक्षा वाईट कारण हालचाल अडखळते. पकडायचं कसं, तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चाचण्या मिळतात ज्यात चौकटींची जाळी असते आणि दर फ्रेमला पुढची एकच चौकट उजळते. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर दहावा भाग सेकंद वगैरे ठेवून फोटो काढा, उजळलेल्या चौकटी सलग आल्या तर मॉनिटर खरं बोलतोय, मधे एखादी गाळलेली दिसली तर चित्रं गिळतोय. आणि फार ताणलं की रेघा, दाणे, मधेच क्षणभर काळं असं सुरू होतं, तिथून दोन पावलं मागे या. वॉरंटीतल्या मॉनिटरवर हे प्रयोग तुमच्या जबाबदारीवर, लॅपटॉपवर केलेत तर बॅटरी जास्त खाईल.

गेम खेळणाऱ्यांसाठी एवढंच की मॉनिटर ७५ झाला म्हणून ग्राफिक्स कार्ड ७५ फ्रेम देईलच असं नाही. ते ५० देत असेल तर ताल चुकतो, अर्धं जुनं अर्धं नवं चित्र दिसून मधे फाटल्यासारखी रेघ येते. २०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक आणलं, पाठोपाठ २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचं सगळ्यांसाठीचं मानक आलं, त्यात मॉनिटर कार्डासाठी थांबतो. आणि तो थांबतो कुठे, तर खालून वर परत जाण्याच्या त्याच रिकाम्या जागेत, ती लांबवत राहतो नवीन फ्रेम येईपर्यंत. ज्या जागेला मी एवढा वेळ फुकट म्हणत होतो ती अशी कामाला आली.

सगळं करून मी ७५ वर खूश होतो, मग रात्री पिक्चर लावला. २४ फ्रेम ७५ मध्ये नीट भागल्या जात नाहीत, काही फ्रेम तीनदा दिसतात, काही चारदा, कॅमेरा हळू आडवा फिरला की किंचित धक्के जाणवतात. ६० ला तर याहून वाईट, एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, कॉम्प्युटरवर आयुष्यभर आपण तेच बघत आलोय. म्हणून ७२ ची आणखी एक नोंद करून ठेवली, २४ त्रिक ७२, प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा, त्या तीनदा उघडणाऱ्या शटरच्या प्रोजेक्टरसारखी. भाच्याचा १४४ पण २४ सख्ख १४४, त्याला काही करावंच लागत नाही. पण आमच्याकडे आईच्या मालिका त्याच मॉनिटरवर चालतात आणि आपल्या टीव्हीचा हिशोब २५ चा, त्याला ७५ च बरोबर. त्यामुळे सध्या मालिका संपेपर्यंत ७५ आणि पिक्चर लावायच्या आधी ७२, रोज दोनदा सेटिंग बदलतो, आणि आई रोज विचारते की टीव्ही बिघडलाय का.