मृत्युपत्र आणि हयातीतला ट्रस्ट: मालकी सरकते कधी?

ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान येतं, नाहीतर शाळा चालवणारी संस्था. म्हणून कुणी ‘फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकला’ म्हणालं की ऐकणाऱ्याला वाटतं, दानच करून टाकला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदतात तो सार्वजनिक ट्रस्ट. घरच्या माणसांसाठी केलेला खासगी ट्रस्ट निराळा, तो १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमावर चालतो. त्याची खरी गल्लत होते ती मृत्युपत्राशी, कारण दोन्हींमागची काळजी एकच: माझ्यामागे हे कुणाकडे जाणार?

मृत्युपत्राचं सोपं आहे. सही केलीत तरी तुमचे डोळे मिटेपर्यंत त्याने काहीच हलत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचंच, फ्लॅट विकायला तुम्ही मोकळे, मन बदललं तर नवं मृत्युपत्र लिहायलाही मोकळे. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी ऐच्छिक, मुद्रांक शुल्क नाही.

ट्रस्टमध्ये मालकी आजच सरकते. मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर जाते आणि त्याने ती लाभार्थ्यांसाठी सांभाळायची असते. विश्वस्त तुम्ही स्वतःही होऊ शकता, पण मग घराकडे ‘माझं’ म्हणून नव्हे, ‘माझ्या ताब्यात सोपवलेलं’ म्हणून पाहावं लागतं. हा बदल अनेकांना पचत नाही, आणि तो पचणार नसेल तर ट्रस्टच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. वकिलाकडून झकास न्यासपत्र (ट्रस्टचा दस्त) करून घेतात, ते कपाटात ठेवतात आणि ट्रस्ट झाला असं समजतात. पण स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट हयातीत करायचा तर दस्त लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. शेअर, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी त्या त्या ठिकाणी अर्ज करून विश्वस्ताच्या नावावर वळवाव्या लागतात. जे वळवलं नाही, ते ट्रस्टचं नाही. मालक गेल्यावर ते मृत्युपत्राप्रमाणे जाईल, आणि मृत्युपत्रही नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर तीही, असे सगळे सारख्या वाट्याचे धनी होतात. वडील या पहिल्या यादीत नाहीत, हे ऐकून बरेच जण चमकतात.

‘पण मी नॉमिनी लावलाय की!’ हेही ठरलेलं उत्तर. नॉमिनीने पैसे स्वीकारायचे असतात, मालकी वारसांकडेच राहते. शेअरच्या बाबतीतही तेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. (विम्यात पत्नी, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर २०१५ पासून वेगळा नियम आहे.)

मग एवढा खटाटोप करायचा कशाला? एक कारण मला फार वजनदार वाटतं: आजारपण. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं मृत्युपत्र तो जिवंत असेपर्यंत मुकंच असतं. कुलमुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची) तऱ्हा त्याहून वाईट, कारण ते देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. ट्रस्टमध्ये दुसरा विश्वस्त आधीच नेमलेला असेल तर औषधपाण्याचा खर्च अडत नाही. दिव्यांग मूल असलेल्या घरातही तेच: त्याच्या हाती एकरकमी पैसा पडण्याऐवजी विश्वस्त दरमहा लागेल तसा खर्च करतो.

पण याची किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. ट्रस्ट म्हणजे मुलगा नव्हे, तेव्हा तीच सवलत गृहीत धरून दस्त करायला जाऊ नका. शुल्क किती पडेल याचं आधी मूल्यांकन करून घ्या. ट्रस्टचं पॅन वेगळं, बँक खातं वेगळं, हिशेब वेगळे. शिवाय रद्द करता येईल असा ट्रस्ट हवा असेल तर तो अधिकार न्यासपत्रात स्पष्ट राखून ठेवावा लागतो. तो राखला की उत्पन्नावरचा कर तुमच्याच माथी येतो. आणि ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी मालमत्ता ट्रस्टमध्ये ढकलली तर ते न्यायालयात जाऊन तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतात.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत दोन्ही कागदांना कुंपण आहे: तुमच्या हिश्श्यापलीकडचं काही देता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीही जन्मतःच त्यात हिस्सेदार आहेत.

एक घर, थोड्या ठेवी आणि एकमेकांशी बोलणारी मुलं असतील तर नीट लिहिलेलं मृत्युपत्र पुरतं. आणि ट्रस्ट केलात तरी मृत्युपत्र लिहाच: ट्रस्टनंतर घेतलेली गाडी, शेवटची ठेव, परतावा म्हणून खात्यात आलेली रक्कम असं काही ना काही तुमच्या नावावर उरतंच. उरलेलं सगळं ट्रस्टच्या विश्वस्तांकडे जावं, असं त्यात एका वाक्यात लिहिता येतं.