‘प्रभावी’ जनुक कुणालाही हरवत नाही

सोनेरी केसांची माणसं दोनशे वर्षांत नामशेष होणार, अशी बातमी २००२ साली युरोप-अमेरिकेतल्या माध्यमांत झळकली. शेवटचं सोनेरी केसांचं मूल फिनलंडमध्ये जन्मेल, इथपर्यंत तपशील दिलेला होता. संशोधन म्हणे जागतिक आरोग्य संघटनेचं. संघटनेनं लगेच कानावर हात ठेवले: असं काही संशोधन आम्ही केलेलंच नाही. तरी बातमी काही मेली नाही. पुढे लाल केसांचा अवतार घेऊनही ती फिरून आली.

बातमी खोटी होती हे ठीकच. मला गंमत वाटते ती तिच्यात दिलेल्या कारणाची. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या भल्याभल्यांना ते पटतं. सोनेरी केसांचं जनुक अप्रभावी, गडद केसांचं प्रभावी. तेव्हा प्रभावी पसरणार आणि अप्रभावी पुसलं जाणार. यात थोडा दोष शब्दाचाही आहे. मराठीत ‘प्रभावी’ म्हटलं की वक्ता आठवतो, औषध आठवतं, ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही असा माणूस आठवतो. जनुकांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ इतका भारदस्त नाही.

मेंडेलचा वाटाणाच घेऊ. त्यानं १८६६ साली छापलेल्या निबंधातली गोल आणि सुरकुतलेल्या बियांची जोडी सगळ्यांनी पाठ केलेली असते. बी सुरकुततं का, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. वाटाण्यात स्टार्चच्या रेणूंना फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते बनवणाऱ्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसला की जनुक बिघडतं. मग स्टार्च नीट तयार होत नाही, साखर साठून राहते, साखरेमुळे बी जास्त पाणी ओढून घेतं आणि फुगतं. वाळताना तेवढंच पाणी निघून जातं आणि साल सैल पडून चुण्या येतात. प्रत्येक रोपाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल, तर चांगल्या प्रतीवर भागतं आणि बी गोल होतं. ‘गोल प्रभावी’ याचा अर्थ एवढाच. चांगल्या प्रतीनं बिघडलेल्या प्रतीला मारलेलं नसतं की दाबलेलंही नसतं. ती शेजारीच शाबूत असते आणि निम्म्या संततीकडे जशीच्या तशी जाते. आणखी एक मजा अशी की, अशा मिश्र बियातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते दोन्हींच्या मधले दिसतात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं तर गोल प्रभावी, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर कुणीच प्रभावी नाही!

आता पसरण्याचा प्रश्न. १९०८ साली इंग्लंडमध्ये नेमका यावरच खल झाला. आखूड बोटं हा माणसातला प्रभावी गुण आहे, हे तेव्हा नुकतंच कळलेलं होतं. मग कालांतरानं चारांपैकी तीन लोक आखूड बोटांचे का होऊ नयेत, असा मुद्दा निघाला. केंब्रिजचा जीवशास्त्रज्ञ पनेट याला यात काहीतरी चुकतंय हे जाणवत होतं, पण उत्तर मांडता येईना. त्यानं ते कोडं आपल्या क्रिकेटच्या सोबत्यापुढे ठेवलं. हा सोबती म्हणजे गणिती हार्डी, पाच वर्षांनी ज्याला रामानुजनचं पत्र आलं तोच. हार्डीनं ‘सायन्स’ नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. त्याचा सूर जवळजवळ संकोचाचा होता: यात पाढ्यांपलीकडचं गणित नाही, जीवशास्त्रज्ञांना हे ठाऊक असेल असं मला वाटलं होतं. जर्मनीतल्या श्टुटगार्टचा डॉक्टर वाईनबर्ग यानं त्याच वर्षी, हार्डीच्याही आधी, हेच स्वतंत्रपणे मांडलं होतं.

ते पाढे आपणही म्हणून पाहू. समजा एखाद्या मोठ्या समूहातल्या जनुकाच्या दर दहा प्रतींपैकी एक अप्रभावी आहे आणि जोड्या तो गुण पाहून जुळत नाहीत. मुलाला दोन्हीकडून अप्रभावी प्रत मिळण्याची शक्यता दहात एक गुणिले दहात एक, म्हणजे शंभरात एक. दोन्हीकडून प्रभावी मिळणारी मुलं शंभरात ८१. उरलेली १८ मिश्र. आता या शंभर मुलांमधल्या दोनशे प्रती मोजा. अप्रभावी गुण दिसणाऱ्या एका मुलात दोन आणि १८ मिश्र मुलांत प्रत्येकी एक, मिळून वीस. दोनशेत वीस, म्हणजे पुन्हा दहात एक! पुढची पिढी काढा, तिच्या पुढची काढा, आकडा हलत नाही. मिश्र मुलांमध्ये प्रभावी प्रतीनं मिरवलं खरं, पण त्या मिरवण्यातून तिला एकही जादा प्रत मिळाली नाही.

आकडा हलायचा तर बाहेरचं काही घडावं लागतं. नैसर्गिक निवड हे त्यातलं एक कारण, छोट्या समूहातला निव्वळ योगायोग हे दुसरं. पण निवडीला जनुक दिसत नाही, तिच्यापुढे येतं ते शरीर. अप्रभावी प्रत शंभरात एक असेल तर दोष दहा हजारांत एकाच माणसात दिसतो; मिश्र, म्हणजे नुसते वाहक, असतात १९८. दर दोनशे अप्रभावी प्रतींपैकी १९८ धडधाकट शरीरांत लपलेल्या, निवडीच्या नजरेआड. दोष दिसणाऱ्या एकाही माणसाला मूल होऊ दिलं नाही, तरी अप्रभावी प्रतीचं प्रमाण १०० मध्ये एकवरून पुढच्या पिढीत १०१ मध्ये एक, मग १०२ मध्ये एक, असं सरकतं. ते निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर अडीच हजार वर्षं.

हे गणित उपलब्ध असताना विसाव्या शतकात ‘वंशशुद्धी’च्या नावाखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक आणि नाझी जर्मनीत सुमारे चार लाख लोकांची सक्तीनं नसबंदी झाली. हे करणाऱ्यांचं गणित चुकीचं नसतं तरी ते क्रौर्यच ठरलं असतं, पण वर विज्ञानाचा शिक्का मारून ते खपवलं गेलं. ‘शुद्ध रक्त’ या कल्पनेचं तर काय सांगावं! गुण रक्तातून उतरतात म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं की, माणसाच्या तयार तांबड्या पेशीत जनुकं सांभाळणारं केंद्रकच नसतं, मग वारशाची जनुकं तिथे ठेवलीत कुठे?

पुन्हा फिनलंडकडे वळू. केसांचा रंग एकाच जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकं मिळून तो ठरवतात. त्यामुळे ‘सोनेरीचं जनुक’ हेच मुळात ढोबळ बोलणं आहे. तरी तेवढ्यापुरतं ते मान्य केलं, तर बातमीत एक अर्धसत्य सापडतं. एका गटात सगळे सोनेरी, तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात एकही नाही, असे दोन गट एकमेकांत पूर्ण मिसळले तर काय होईल? प्रतींचं प्रमाण निम्मंनिम्मं होईल आणि मिसळल्यानंतरच्या पहिल्या पिढीत सोनेरी केसांची मुलं अर्ध्यावरून एकदम पाववर येतील. घसरण खरी आहे आणि नजरेत भरणारी आहे. तेवढंच बघून रेघ तशीच खाली ओढली तर ती लवकरच शून्याला टेकेल. पण दुसऱ्या पिढीतही सोनेरी मुलं पावच असतात, तिसऱ्या पिढीतही पावच. आणि त्यातलीही पाव मुलं जन्मतात ती आई-बाप दोघंही गडद केसांचे असलेल्या घरांत.